फ्लोरिडात बोटीसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल कोठे मिळेल आणि ते घेणे गरजेचे आहे का?

फ्लोरिडात हे इंधन बहुधा 'रेक-९०' या नावाने, ९० ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याची इंधनाची क्षमता) म्हणून विकले जाते. आधी मरीनातील, म्हणजे बोटी उभ्या करण्याच्या धक्क्यावरील, पंपावर चौकशी करावी. रस्त्यावरचे पंप शोधण्यासाठी 'प्युअर-गॅस डॉट ऑर्ग' ही वापरकर्त्यांनी तयार केलेली यादी उपयोगी पडते, मात्र तिच्यातील नोंदी जुन्या असू शकतात, म्हणून पंपावरील लेबल स्वतः वाचावे.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनांचे, बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालवून घेतात. १५ टक्क्यांचे ई-१५ मात्र बोटीत भरण्यास अमेरिकेत कायद्यानेच मनाई आहे. खरी अडचण बोट आठवडेच्या आठवडे उभी राहते तेव्हा येते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि हे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचे मिश्रण पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीच साचते, तर वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन घटते. भर समुद्रात इंजिन बंद पडणे ही जिवाशी गाठ असते, म्हणून हा धोका मी हलका मानत नाही. जुन्या फायबरग्लासच्या टाकीत तर इथेनॉल टाकीच्या भिंतीतील राळच (रेझिन) विरघळवू शकते. तेथे तडजोड नकोच.

दर आठवड्याला टाकी रिकामी होत असेल, तर साधे ई-१० (१० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) आणि पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर पुरेसा आहे. हंगामाअखेरीस बोट उभी करताना मात्र इथेनॉलविरहित पेट्रोलच भरावे आणि त्यातही स्टॅबिलायझर (इंधन साठवणीत खराब होऊ न देणारे द्रव्य) घालावा.