ब्राझीलला निघालात? पान्तानालला जास्त दिवस द्या

पहिल्यांदाच जाताय, तर रिओ, साओ पावलो, इग्वासूचा धबधबा, ॲमेझॉन असं सगळं दोन आठवड्यांत कोंबू नका. ॲमेझॉन या खेपेला सरळ वगळा, असं माझं मत. तिथल्या दाट झाडीत प्राणी दिसणं मुश्कील. प्राणीच बघायचे तर पान्तानाल हा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश, आणि तोही जुलै ते ऑक्टोबरमध्ये, पाणी ओसरलेलं असतं तेव्हा.

विमानाने कुइयाबा गाठा. पुढे पोकोने, आणि तिथून ट्रान्सपान्तानेइरा हा सुमारे १४५ किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत शंभरावर पूल. इथे ड्रायव्हरला घाई करू देऊ नका. पुलाखालच्या डबक्यात केमन मगरी अंगाला अंग लावून पडलेल्या असतात, आणि शेजारी लाल गळपट्टीचा, काळ्या डोक्याचा जाबिरू करकोचा निवांत मासे टिपत असतो. रस्ता पोर्तो जोफ्रेला नदीवर संपतो. जग्वार बघायचा तो तिथूनच, बोटीतून. तीन दिवस तरी हाताशी ठेवा. गरम कपडे न्याच, कारण दक्षिणेकडून गार वारे आले की उघड्या बोटीत दात वाजतात.

शहरांत रस्त्यावर मोबाइल मिरवू नका, बस्स. शाकाहारी असाल तर वजनावर जेवण देणारी 'पोर किलो' हॉटेलं सोयीची. फक्त घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस नाही ना, ते विचारून घ्या.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्या. परतताना तिचं पिवळं कार्ड नसेल, तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात नेऊ शकतात.