तिकीट मागण्याआधी

चि. डॉक्टर,

एमडी झाल्यावर महापालिकेची निवडणूक लढवू का, असं विचारलंस. खुशाल लढव. पण ‘एका टर्ममध्ये सिस्टीम बदलून दाखवतो’ असल्या भाषेची मला धास्ती वाटते.

पेडर रोडचं पाटीवरचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. हे गृहस्थ सर्जन, विलायतेहून एफआरसीएस होऊन आलेले. मुंबई कॉर्पोरेशनमध्ये गेले, तिचे अध्यक्ष झाले, आणि पुढे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात पोचले. तिथं त्यांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचं खासगी विधेयक मांडलं. १९३७ मध्ये कायदा झाला: नवऱ्यामागे विधवेला मुलाइतका वाटा. झाला खरा, पण कसा? मुलींना वाटा देणारा भाग विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीतच गळाला. विधवेचा हक्कही हयातीपुरताच. वर १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. म्हणजे खेड्यातल्या बाईच्या हाती काय आलं, तूच बघ!

अर्धवट ऑपरेशन करून टाके घालायची सर्जनला सवय नसते. हे पचवणं त्यांना जड गेलं असणार, असा माझा आपला तर्क. तरी १९३८ मध्ये ते घटस्फोटाच्या हक्काचं विधेयक घेऊन पुन्हा उभे राहिले. ते काही मंजूर झालं नाही. विधवेला पूर्ण मालकी मिळायला १९५६ उजाडलं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मुलाबरोबरीचा हिस्सा देशभर मिळायला २००५. आज त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

एवढ्या लांबच्या पल्ल्याची तयारी असेल तरच उतर. नाहीतर ओपीडी काही वाईट नाही, तिथं गुण निदान डोळ्यांसमोर येतो.

उतरायचं ठरलंच, तर प्रिस्क्रिप्शनची सवय सोड. ‘ही गोळी सकाळ-संध्याकाळ’ असं सांगून इंजिनिअर पाइप बदलत नाही आणि सोसायटीचे सेक्रेटरी तर मुळीच ऐकत नाहीत. हिस्टरी घ्यायची सवय मात्र जप. चाळीत क्षयाचा रोगी सापडला की खोलीत माणसं किती, खिडकी आहे का, पाणी किती वाजता येतं, हे विचारतोसच ना? तेच प्रश्न वॉर्ड ऑफिसात विचार, आणि उत्तर लेखी माग.

प्रॅक्टिस बंद करू नकोस. पोट पक्षावर अवलंबून असलं की तोंड उघडत नाही.

रविवारी घरी ये. महापालिकेच्या बजेटातली आरोग्याची पानं छापून आण, माझे डोळे आता मोबाइलवर चालत नाहीत.

तुझा,
काका