नियमित शाळा झेपत नाही, मग पर्यायी शाळा कशी निवडायची?

‘मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, शाळेतून रोज तक्रार येते, त्याला पर्यायी शाळेत घालावे का?’ हा प्रश्न पालक मला सतत विचारतात. एका कुटुंबाबरोबर केलेल्या कामातून त्याचे उत्तर देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सात वर्षांचा. वाचनात वयाच्या पुढे, बोलणे मात्र मोजके आणि बरेचदा समोरच्याचेच शब्द पुन्हा उच्चारणारे. घंटा झाली की तो कान झाकून बाकाखाली शिरे आणि वहीत ‘सूचना पाळत नाही’ असा शेरा येई. घंटेआधी दोन मिनिटे त्याला कल्पना द्यावी, गोंगाटात हेडफोन वापरू द्यावा, एवढ्या सवलती आधी आहे त्याच शाळेकडे मागा, असे मी सुचवले. अशा वाजवी सोयी हा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय कराराने, त्याच्या चोविसाव्या कलमात, मान्य केलेला हक्क आहे. शाळेने शिस्तीचे कारण सांगून नकार दिला, तेव्हा शाळा बदलण्याचा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आईवडिलांनी दोन शाळा हेरून ठेवल्या होत्या. एकीत वेळापत्रक नाही, परीक्षा नाही, काय करायचे ते मुलांनीच ठरवायचे. दुसरी माँटेसरी पद्धतीची. दोघांचाही ओढा पहिलीकडे होता. “तिथे त्याला कुणी रागावणार नाही, आम्हाला तेवढेच हवे आहे,” असे वडील म्हणाले. मागच्या वर्षभरात त्यांनी जे सोसले होते ते पाहता, त्यांना तसे वाटणे स्वाभाविकच होते.

तरीही मी त्यांना निर्णयाआधी एक काम दिले. मूल नेमके केव्हा बिथरते, याची वर्गशिक्षिकेच्या मदतीने आठवडाभर नोंद ठेवायची. नोंदी आल्या तेव्हा दिसले की गणिताच्या किंवा वाचनाच्या तासाला तो जवळजवळ शांत असे. बिथरे तो मधल्या सुट्टीत, खेळाच्या तासाला आणि बदली शिक्षक आले त्या दिवशी. म्हणजे त्याला जड जात होते ते गोंगाट आणि पुढे काय होणार हे न कळणे. मुक्त शाळेत गेला असता, तर त्याच्या वाट्याला दिवसभर मधली सुट्टीच आली असती.

यात नवल नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले तेव्हाच सर्व काही जसेच्या तसे राहावे या आग्रहाची नोंद घेतली होती, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयीची अतिसंवेदनशीलता २०१३ पासून अमेरिकन निदान-निकषांतही आली आहे. शिस्तीचा जाच आणि दिवसाची आखणी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाचाला कंटाळलेले पालक आखणीही नाकारून बसतात, हे मी फार वेळा पाहिले आहे. माँटेसरी वर्गात प्रत्येक साधनाची जागा ठरलेली असते, कामाला सुरुवात आणि शेवट असतो, चटईवर एकट्याने काम करता येते. अनेक स्वमग्न मुलांना हे मानवते. मात्र काम निवडण्याचा भार तिथेही असतोच, आणि पाटीवर त्या पद्धतीचे नाव आहे म्हणून आत ती असेलच, असे समजू नये.

म्हणून दोन्ही शाळा त्यांनी नेहमीच्या दिवशी, एक काम संपून दुसरे सुरू होण्याच्या सुमारास पाहिल्या. पहिलीत मुले एकदम धावत सुटली आणि ताई मोठ्याने हाका मारत राहिल्या. “मूल बिथरले तर काय करता?” या प्रश्नावर “आमच्याकडे मुले बिथरतच नाहीत” असे हसून उत्तर मिळाले. मला विचाराल, तर हे उत्तर ऐकल्यावर पालकांनी नमस्कार करून निघावे. दुसरीत शिक्षिकेने एका मुलासमोर चित्राचे कार्ड ठेवले, काही वेळाने दुसरे ठेवले आणि मगच साधन उचलायला सांगितले. त्याच प्रश्नावर तिने अलीकडचा प्रसंग सांगितला: दिवे मंद केले, बाकीच्या मुलांना बाहेर नेले, एक मोठी व्यक्ती न बोलता जवळ बसून राहिली. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामे मुलाला जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) सूचना आपण लेखी घेतो, असेही ती म्हणाली. ‘सहा महिन्यांत बरे करून देऊ’ असे आश्वासन तिथे कुणी दिले नाही, हेही मला महत्त्वाचे वाटले. स्वमग्नता हा बरा करण्याचा आजार नाही.

मुलगा सुरुवातीला या दुसऱ्या शाळेत रोज दोनच तास जात असे. सकाळी त्याला दोन साधनांतून एक निवडायला दिले जाई, सगळ्या कपाटातून नव्हे. आता तो पूर्ण वेळ जातो. सहलीचा दिवस अजूनही कठीण जातो आणि त्या दिवशी आई त्याला घरी ठेवते, याला शाळेची हरकत नाही. ही शाळा प्राथमिक वर्गांपर्यंतच आहे; त्यामुळे पुढच्या शाळेचा शोध त्यांनी आतापासूनच सुरू केला आहे, आणि बिथरण्याच्या नोंदीही चालू ठेवल्या आहेत.