जाहिरातीला दिलेले पैसेच खर्च होत नाहीत, मग मुदत ठेव का मोडायची?

वसमतहून एका ताईंनी लिहिलं आहे. घरची हळद दळून त्या एक किलोचं पाकीट ३४० रुपयांना विकतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर रोज २०० रुपयांची जाहिरात लावली, पण बारा दिवसांत खर्च झाले जेमतेम ३१०. जाहिरात 'ॲक्टिव्ह' दिसते, लोकांपर्यंत मात्र जात नाही. जाहिरातीचं काम बघणारा मुलगा म्हणतो, बजेट कमी पडतंय, लाखभर टाका. त्यासाठी दोन लाखांची मुदत ठेव मोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. ती ठेव लेकीच्या नर्सिंगच्या फीची आहे आणि फी जुलैत भरायची आहे.

ताई, ठेव मोडू नका. बारा दिवसांसाठी २,४०० रुपये ठेवले होते, त्यातले २,०९० तसेच पडून आहेत. विहिरीला पाणी आहे पण व्हॉल्व्ह बंद आहे, अशा वेळी दुसरी विहीर खोदून वावर भिजत नाही. लाख रुपये टाका म्हणणाऱ्याला त्याचं कमिशन बजेटच्या टक्क्यांत मिळतं का, एवढं आधी विचारा.

तुमचे स्क्रीनशॉट मी नीट पाहिले. जाहिरात कुणाला दिसायची हे दर वेळी लिलावात ठरतं, मोंढ्यात हळदीचा सौदा होतो तसंच. त्या मुलाने एका खरेदीमागे १५ रुपयांचा कॉस्ट कॅप, म्हणजे खर्चाची मर्यादा, लावला आहे. त्या भावात गिऱ्हाईक मिळेल असं यंत्रणेला वाटत नाही, म्हणून ती बोलीच लावत नाही. त्यात २०० रुपये चार ॲड सेटमध्ये (एकाच मोहिमेतले जाहिरातींचे वेगवेगळे गट) वाटले आहेत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पन्नासच. ॲड सेट शिकून स्थिरावायला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट, म्हणजे जाहिरात ज्यासाठी लावली ती खरेदी किंवा मेसेज, लागतात, आणि मोठा बदल केला की हे शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तुमच्याकडे तर दर दोन दिवसांनी बदल झालेत.

त्याहून मोठी चूक पुढेच आहे. जाहिरात 'खरेदी'साठी लावली आहे, पण ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात. वेब पेजवर खरेदी होतच नाही, त्यामुळे कोण विकत घेतं हे यंत्रणेला कळायला मार्गच नाही. शिवाय जाहिरात दाखवायची ती वसमतभोवतीच्या १५ किलोमीटरमध्ये! जिथं घरोघरी हळद शिजते, तिथं पाकीट कोण घेणार? तुमचं गिऱ्हाईक पुण्यात, मुंबईत आहे. आपल्या भागातून तिकडे गेलेली माणसं वसमतची हळद नावाने ओळखतात, आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. 'तुमचे गुडघे दुखतात का?' ही जाहिरात नामंजूर झाली, कारण बघणाऱ्याच्या आजाराकडे बोट दाखवलेलं तिथं चालत नाही. ती पुन्हा लावू नका.

आता माझं खरं काम, म्हणजे पैशांचा हिशोब. घरची हळद फुकट धरू नका, मोंढ्यात मिळाला असता तो भाव धरा. तुमच्याच आकड्यांनी किलोला हळद १४०, दळण आणि घट ३०, पाकीट २०, कुरिअर ८०. हातात उरतात ७०. दहातलं एक पार्सल परत आलं तर दोन्ही बाजूंचं कुरिअर, १६० रुपये, अंगावर येतं. म्हणजे ऑर्डरमागे उरले ४७. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तुमची नोंदणी नसल्याने तो परत मिळत नाही. म्हणून एका ऑर्डरला जाहिरातीचे ४० रुपये लागले की नफा संपला. एवढ्या कमी फरकावर मी कुणालाच जाहिरात करायला सांगणार नाही.

पण दोन किलोचा जोड ६८० ला विका. दोन किलोचं कुरिअर तुमच्याकडे ११० आहे, म्हणजे हातात १९० उरतात. दहातलं एक परत आलं तरी ऑर्डरमागे १४९ राहतात, आणि जाहिरातीला १२५ पर्यंत वाव मिळतो. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची हळद भरतात, तेव्हा दोन किलो मागणारी माणसं भेटतात.

तेव्हा एकच ॲड सेट ठेवा. व्हॉट्सॲप मेसेजसाठी लावा, पुणे आणि मुंबई निवडा, कॅप काढून टाका आणि रोज ३०० रुपये ठेवा. आठवडाभर हात लावू नका. अकाउंटची खर्चमर्यादा आणि कार्डाचं पेमेंट अडकलेलं नाही ना, हेही बघा. ॲड अकाउंट तुमच्या नावावर हवं, पैसे थेट तुमच्या कार्डातून जावेत. त्या मुलाला त्याची फी वेगळी द्या.

तीन आठवड्यांचे जीएसटीसह ७,४३४ रुपये होतील. ते हळदीच्या विक्रीतून काढा, ठेवीतून नाही. ठेवीवर कर्ज काढणं मोडण्यापेक्षा बरं, पण जुलैची फी समोर असताना तेही नको. एकविसाव्या दिवशी किती ऑर्डरी पोचल्या, किती परत आल्या आणि जाहिरातीचं बिल किती झालं, हे तीन आकडे मला पाठवा. पोचलेल्या ऑर्डरींचे प्रत्येकी १९० धरून त्यातून परतीचं कुरिअर वजा करा. जाहिरातीचं बिल त्याहून जास्त निघालं, तर त्याच दिवशी जाहिरात बंद करा.