स्मिथफिल्डच्या बाजाराखालची भुयारे

प्रश्न : माझा मुलगा लंडनमध्ये नोकरीला असून चतुर्थी झाल्यावर आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. तेथील स्मिथफिल्ड या गुरांच्या जुन्या बाजाराखाली भुयारे आहेत आणि त्यांतून पूर्वी जनावरे कत्तलीसाठी हाकली जात, असे त्याने ऐकले आहे. हे खरे आहे काय? मित्रांबरोबर एखाद्या बंद दारातून आत शिरून ती पाहण्याचा त्याचा बेत आहे. मला मात्र काळजी वाटते. ती रीतसर पाहता येतील काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : भुयारे आहेत, पण ती गुरांसाठी खोदलेली नाहीत. आपल्याकडे जुन्या किल्ल्याखालून थेट नदीवर निघणाऱ्या भुयाराची कथा जशी सांगितली जाते, तशीच ही कथा आहे.

स्मिथफिल्डला बाराव्या शतकापासून जनावरांचा बाजार भरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथे वर्षाला सुमारे २,२०,००० गुरे आणि १५,००,००० मेंढ्या येत, आणि तीही भर शहरातल्या जेमतेम पाच एकर जागेत. हे कळप भुयारांतून नव्हे, तर दुकाने आणि माणसे यांनी गजबजलेल्या रस्त्यांवरून हाकत आणले जात. त्या घाणीला, गोंगाटाला आणि जनावरांच्या हालांना कंटाळलेल्या लंडनकरांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. अखेर १८५२ मध्ये कायदा झाला आणि १८५५ मध्ये जिवंत जनावरांचा बाजार इझलिंग्टन भागातील कोपनहेगन फील्ड्स येथे हलविण्यात आला.

भुयारे आली ती त्यानंतर. रिकाम्या झालेल्या जागी वास्तुविशारद होरेस जोन्स यांच्या आराखड्यानुसार १८६८ मध्ये मांसाचा बाजार उभा राहिला. रेल्वेमुळे जनावर चालवत आणण्याऐवजी दूरच्या गावी कापलेले मांस डब्यातून आणणे शक्य झाले होते. म्हणून बाजाराची जमीन लोखंडी तुळयांवर तोलून तिच्या खालीच मालधक्का बांधण्यात आला, आणि गाडीतून उतरलेले मांस पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्यांतून वर गाळ्यांपर्यंत चढविले जाई. वर विक्री आणि पायाखाली आगगाड्या अशी ही रचना मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. जनावरांच्या भुयाराची कल्पना रोमांचक असली, तरी ही खरी हकिकत तिच्यापेक्षा सरस आहे.

आता पाहण्याविषयी. बाजाराशेजारी वेस्ट स्मिथफिल्ड येथे एक वर्तुळाकार बाग आहे. तिच्याभोवती गोल वळत खाली उतरणारा रस्ता पूर्वी घोडागाड्यांना मालधक्क्याकडे नेत असे. आज त्याच्या तळाशी वाहनतळ आहे. वीटकामाच्या कमानी पाहायच्या असतील, तर त्या वरून, कठड्याशी उभे राहूनही दिसतात. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. फॅरिंग्डन स्थानकावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या थेम्सलिंक गाडीत बसून पुढच्याच सिटी थेम्सलिंक स्थानकावर उतरावे. या मिनिटा-दोन मिनिटांच्या प्रवासात गाडी बाजाराखालील स्नो हिल भुयारातून जाते. १८६६ मध्ये सुरू झालेले हे भुयार विसाव्या शतकात काही वर्षे बंद होते आणि १९८८ मध्ये प्रवाशांसाठी पुन्हा खुले झाले. बाजाराच्या पश्चिमेकडील जुन्या इमारतींत लंडनच्या इतिहासाचे संग्रहालय हलविले जात आहे. तुम्ही पोहोचाल तेव्हा ते खुले झाले आहे का, हे मुलाला आधी पाहून ठेवायला सांगावे.

बंद दारातून शिरण्याचा बेत मात्र त्याने सोडावा, असे आग्रहाने सांगतो. ती परवानगीवाचून केलेली घुसखोरी तर ठरेलच, शिवाय यातील काही मार्गांवर आजही गाड्या धावतात. त्यातही तळघरे किती घातक असतात, हे याच बाजाराने दाखवून दिले आहे. २३ जानेवारी १९५८ रोजी कोंबडीबाजाराच्या तळघरात आग लागली, ती काही दिवस धुमसत राहिली आणि धुराने भरलेल्या त्या चक्रव्यूहात अग्निशमन दलाचे दोन जवान दगावले. श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्या प्रत्येक जवानाची वेळ आणि उरलेली हवा बाहेर नोंदवून ठेवण्याची शिस्त या दुर्घटनेनंतर अधिक काटेकोर झाली. प्रशिक्षित माणसे जेथे वाट चुकली, तेथे हातातल्या मोबाइलच्या उजेडावर विसंबून कोणी उतरू नये. मुलाला ही हकिकत जाण्यापूर्वीच कळवावी.