पिस्तुलाची गोळी रिव्हॉल्वरमध्ये चालते का?

चालते, पण रिव्हॉल्वर त्या गोळीसाठीच बनवलेलं पाहिजे. तुम्ही विचारलंय की एका व्हिडिओत दाखवलेलं 9 एमएमचं, म्हणजे पिस्तुलाची गोळी घेणारं रिव्हॉल्वर खरंच असतं की व्हिडिओवाल्याने फेकाफेकी केलीय, तर असतं, रुगर कंपनीचं एलसीआर 9 एमएममध्ये येतं.

सगळी भानगड पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळीच्या बुडाची आहे. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, रिम म्हणतात तिला, तिच्यावरच गोळी सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या भोकात अडून बसते आणि नंतर दांडी दाबली की मागची चांदणीच्या आकाराची चकती त्याच रिमला धरून सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर काढते. पिस्तुलाच्या गोळ्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचायच्या, तिथं रिमा एकमेकींत अडकतात म्हणून कड न ठेवता नुसती खाच पाडतात. मग ती चांदणी धरणार कशाला?

यावर तोडगा निघाला 1917 मध्ये. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्याची एम1911 पिस्तुलं पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांच्या मोठ्या रिव्हॉल्वरमध्ये त्या पिस्तुलाचीच .45 एसीपी गोळी घ्यायचं ठरलं. त्यासाठी पातळ पत्र्याची अर्धगोल क्लिप काढली, तिच्यात तीन गोळ्या खाचेने अडकवायच्या, अशा दोन क्लिपा टाकल्या की सहा. सुरुवातीच्या कोल्टमध्ये भोक सरळसोट होतं, क्लिप नसली तर गोळी पुढे घसरायची. स्मिथच्या भोकात आत पायरी होती त्यामुळे बिनक्लिपची पण उडायची, फक्त पुंगळ्या एकेक करून काडीने ढकलत बसा. पुढे 1920 मध्ये पीटर्स कंपनीने रिमवालीच गोळी काढली, .45 ऑटो रिम.

आता सहा गोळ्यांची अख्खी गोल क्लिप मिळते, मून क्लिप, आणि माझ्या मते खरी मजा तिच्यातच आहे कारण सहाच्या सहा एका झटक्यात आत आणि बाहेर. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने 1999 मध्ये सहा झाडून, रिलोड करून, परत सहा झाडले, एकूण 2.99 सेकंदात!!

पण क्लिप जरा जरी वाकली की सिलिंडर घासतो, ट्रिगर जड लागतो, कधी फिरतच नाही. मी इथे अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जातो तेव्हा रिकामी क्लिप आधी काचेवर ठेवून बघतो, डुगडुगली की कचऱ्यात. आणि हलक्या रिव्हॉल्वरात 9 एमएमची अजून एक कटकट, धक्क्याने न उडालेल्या गोळ्यांचं शिसं पुंगळीतून पुढे सरकतं आणि सिलिंडर अडतो. म्हणून स्वस्तातली गोळी बघून उगाच हुरळू नका.

भारतात 9 एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापात येते, साध्या लायसन्सवर विसरा. तिथं आपलं .32, त्यातही सरकारी फॅक्टरीच्या रिव्हॉल्वरला .32 एस अँड डब्ल्यू लाँग लागते आणि पिस्तुलाला .32 एसीपी, दुकानात नुसतं "बत्तीसच्या द्या" म्हणू नका, पूर्ण नाव सांगा.