वाचक विचारतात : ‘द गर्ल्स’ वाचताना नजर कुणावर ठेवायची?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर एमा क्लाइन यांची ‘द गर्ल्स’ (२०१६) ही कादंबरी घेतली होती. बहुतेकांचं म्हणणं पडलं की रँचवर (गुराढोरांच्या मळ्यावर) राहणाऱ्या आणि शेवटी खून करणाऱ्या टोळीचा म्होरक्या रसेल, त्याच्यात भुरळ पडण्यासारखं काहीच नाही. मग खात्यापित्या घरची चौदा वर्षांची ईव्ही त्याच्या नादी लागते हे पटत नाही. लेखिका कमी पडली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रसेल फिकाच आहे, पण ईव्ही त्याच्यासाठी जातच नाही. ती जाते टोळीतल्या सुझॅन या मुलीसाठी. पार्कात तिला आधी दिसतात त्या टोळीतल्या मुली. रसेल बराच नंतर येतो. आपल्याकडे बुवाच्या मठात बहुतेकदा अख्खं घर जातं, म्हणून आपली नजर बुवाला शोधत राहते. इथे मुलगी घरापासून सुटून जाते, एकटी.

त्याआधी लेखिकेने घर कसं रिकामं केलंय ते बघा. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, वडील तरुण मैत्रिणीसोबत, आई स्वतःचं आयुष्य नव्याने मांडण्यात गुंतलेली, कॉनी या एकुलत्या एका मैत्रिणीशी बिनसलेलं, आणि सुट्टी संपली की बोर्डिंग शाळा. त्या उन्हाळ्यात ही कुठे आहे हे विचारणारं कुणी नाही.

पुढच्या पायऱ्या छोट्या छोट्या आहेत. आधी टोळीच्या बसमधून एक फेरी, मग आईच्या पर्समधले पैसे, मग शेजाऱ्यांच्या घरात चोरून शिरणं. त्यात पकडली गेल्यावर तिला वडिलांकडे पाठवतात, तर तिथून ती आपल्या पायांनी परत येते. पुढच्या बैठकीला एक करा : कागदावर दोन रकाने आखा आणि रँचवरच्या प्रत्येक फेरीत ईव्हीला काय मिळालं, तिने काय दिलं ते लिहा. सुरुवातीला पहिला रकाना भरतो : कुणीतरी नीट बघितलं, शेजारी जागा दिली. मग तो आटत जातो आणि दुसरा वाढतो. ‘पटत नाही’ म्हणणाऱ्यांचा आक्षेप बहुधा इथेच मिटेल.

कट्ट्यांवर आणखी एक चूक होते. प्रौढ ईव्हीची प्रकरणं, म्हणजे ती मित्राच्या घरी राहत असताना त्या मित्राचा मुलगा ज्युलियन आणि ज्युलियनची मैत्रीण साशा येतात तो भाग, लोक भराभर उरकतात. साशा ज्युलियनपुढे जशी नमते ते ईव्ही ओळखते. हा भाग गाळला तर हातात नुसती खुनाची गोष्ट उरते.

प्रश्न : यातलं खरं किती?

उत्तर : सांगाडा अमेरिकेतल्या चार्ल्स मॅन्सन या म्होरक्याच्या खऱ्या टोळीचा. तो मार्च १९६७मध्ये तुरुंगातून सुटला आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याभोवती तरुण मुली जमल्या. पुढे टोळीचा मुक्काम लॉस एंजेलिसजवळच्या स्पान रँचवर होता. तिथे पूर्वी काउबॉयपटांची चित्रीकरणं व्हायची. मालक म्हातारा, जवळजवळ आंधळा. कादंबरीने ही जागा उत्तर कॅलिफोर्नियात नेली आहे. ऑगस्ट १९६९मध्ये लागोपाठ दोन रात्रींत सात खून झाले. पहिल्या रात्री मॅन्सन तिथे नव्हता. त्याने माणसं पाठवली होती.

कादंबरीतला गायक मिच हा दोन खऱ्या माणसांची मोट आहे. बीच बॉइज या बँडचा डेनिस विल्सन, ज्याच्या घरी १९६८मध्ये टोळीने तळ ठोकला होता. आणि संगीत-निर्माता टेरी मेल्चर, ज्याने मॅन्सनला रेकॉर्ड काढून दिली नाही. पहिले खून झाले ते घर आधी मेल्चरने भाड्याने घेतलेलं. दोघांना एक केल्यामुळे सूडाची रेघ सरळ झाली. प्रत्यक्षात ती इतकी सरळ नव्हती, हेतूबद्दल आजही वाद आहेत.

ईव्ही काल्पनिक. मात्र चौदाव्या वर्षी टोळीत आलेली एक मुलगी खरोखर होती. तिचे आईवडील स्वतःच हिप्पी कम्यूनमध्ये, म्हणजे हिप्पींच्या सामूहिक वस्तीत, राहत होते, त्यामुळे घरातून निसटायचा प्रश्न तिला नव्हता. ईव्हीची चोरटी ये-जा ही क्लाइन यांची भर, आणि आमच्या मते कादंबरीचा जीव तिच्यातच आहे.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलीला वाचायला द्यावी का?

उत्तर : आधी तुम्ही वाचा. अल्पवयीन मुलीशी लैंगिक संबंध, अमली पदार्थ आणि शेवटी लहान मुलाचाही खून, हे सगळं यात आहे. सोळा-सतरापर्यंत थांबलात तर बिघडत नाही. दिलीत तर तिच्यासोबत तुम्हीही वाचत राहा, आणि बोलायचं झालं तर खुनांपासून नको, कॉनीशी बिनसतं तिथपासून सुरू करा.